हे अक्षर कुणाचे?

अण्णांच्या तेराव्याला टपालाने एक पत्र आले. ज्या कचेरीत त्यांनी चौतीस वर्षे काढली, तिच्या मुंबईच्या मुख्य कार्यालयाचे ते शोकपत्र होते. कागद जाड, किंचित पिवळसर. मजकूर इंग्रजी, उणापुरा चार ओळींचा. पण त्या चार ओळी मोठ्या लपेटदार, डौलदार अक्षरांत होत्या. शेपट्या लांबवर गेलेल्या, माना मागे वळलेल्या, कुठे शाई दाटून आल्यासारखी जाड रेघ, तर कुठे केसाएवढी बारीक. मी मजकूर वाचला आणि त्याचा अर्थ आईला सांगितला. तिला इंग्रजी येत नाही. अर्थ तिने ऐकून घेतला आणि पत्र हातात घेऊन ती खिडकीपाशी उजेडात गेली. बराच वेळ ती ते पाहत उभी होती. मग म्हणाली,

"काय सुंदर अक्षर आहे रे! कुणाचं हे?"

हा प्रश्न तिने विचारावा यात नवल नव्हते. अण्णा अभिलेखखात्यात कारकून होते. पगार बेताचा, हुद्दा त्याहून बेताचा. पण अक्षर मात्र मोत्याचे दाणे. कुणी निवृत्त झाले की मानपत्र लिहायचे काम अण्णांकडे येई. रात्री जेवणे आटोपली की ते पाटावर कागद अंथरत, तिरप्या टोकाचा टाक दौतीत बुडवत आणि श्वास रोखून एकेक ओळ उतरवत. आई शेजारी टीपकागद घेऊन बसे. अशा कितीतरी रात्री तिने काढल्या होत्या. चांगल्या अक्षरामागे पाठीला केवढी रग लागते, हे तिला पुरते ठाऊक होते.

"हे बघ," तिने मला जवळ बोलावले. "ही दोन्ही अक्षरं एकच ना?"

मी पाहिले. दोन्ही इंग्रजी 'डी'च होते. पण एकाची मान मागे वळून वरच्या ओळीपर्यंत गेली होती, आणि दुसरा मुकाट्याने आपल्या जागी उभा होता.

"म्हणजे हातानंच लिहिलंय," आई म्हणाली. "छापलेलं असतं तर दोन्ही सारखी आली असती. ह्यांच्या जागेवर कुणीतरी बसलंय खरं. त्याला चार ओळी लिहून टाक. म्हणावं, पत्र पोचलं, अक्षर फार आवडलं."

मी "लिहितो" म्हणालो, पण लिहिले नाही. कारण ते पत्र कुणीही हाताने लिहिलेले नव्हते. ते संगणकावर जुळवून यंत्रावर छापलेले होते. खालची सहीसुद्धा छापीलच होती. ही अक्षरे मी ओळखत होतो. आमच्या शाळेच्या इंग्रजी प्रशस्तिपत्रकांवर ती त्याच वर्षी आली होती.

ज्या मनुष्याने बसून लिहिल्याबद्दल आई कृतज्ञ होती, तो मनुष्यच नव्हता. मग तिला फसवले कोणी? पत्र पाठवणाऱ्यांनी, अक्षरे घडवणाऱ्याने, की "लिहितो" म्हणून गप्प बसणाऱ्या मी?

गावातल्या छपाईवाल्याकडे मी ते पत्र घेऊन गेलो. त्याने एक नजर टाकली आणि सांगितले, "गुरुजी, हा झाप्फिनो. लग्नाच्या इंग्रजी पत्रिकेला फार चालतो, प्रमाणपत्राला चालतो, अत्तराच्या डबीवर चालतो. पण दोन ओळींत भरपूर मोकळी जागा सोडावी लागते, नाहीतर वरच्याची शेपटी खालच्याच्या डोक्यात शिरते. आणि सगळी मोठी अक्षरं ओळीनं वापरायची नाहीत. जंगल होतं, वाचताच येत नाही."

त्याचे हे बोलणे धंद्याचे होते, तरी त्यात एक शहाणपण होते. झाप्फिनोच्या अक्षराचे मधले अंग फार लहान. वरखाली जाणारे फराटे मात्र लांबलचक. म्हणून ते मोठ्या आकारात आणि थोड्या शब्दांत शोभते. एक नाव, एक मथळा, फार तर चार ओळी. त्यात पानभर मजकूर छापला तर वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीस येईल. पैठणी नेसून कुणी धुणे धुवायला बसत नाही, त्यातलाच हा प्रकार.

ज्याचे नाव ह्या अक्षराला मिळाले तो हेर्मान झाप्फ हा जर्मनीतील न्यूरेंबर्गचा. जन्म १९१८ चा. वडील कामगार संघटनेतले. १९३३ साली नाझींची सत्ता आली तेव्हा त्यांची नोकरी गेली आणि काही काळ त्यांना दाखाऊच्या छळछावणीत डांबण्यात आले. मुलाच्या मनात विद्युत-अभियंता व्हायचे होते. ते दार बंद झाले. तो छपाईसाठी छायाचित्रांवर हात फिरवण्याच्या कामात उमेदवार म्हणून लागला. १९३५ साली रुडॉल्फ कॉख या आदल्याच वर्षी वारलेल्या अक्षरकाराच्या कामाचे प्रदर्शन न्यूरेंबर्गला भरले होते. ते पाहून पोराला वेड लागले. त्याने दोन पुस्तके विकत घेतली, एक कॉखचे आणि एक इंग्लंडच्या एडवर्ड जॉन्स्टनचे. आणि घरी बसून एकटाच रुंद टोकाच्या लेखणीने गिरवू लागला. शिकवायला गुरू असा कोणी नव्हताच.

महायुद्धात त्याला नकाशे काढणाऱ्या पथकात घातले. फ्रान्समधील बोर्डो येथे बसून तो स्पेनचे नकाशे रेखाटत असे. नजर इतकी तीक्ष्ण की एक मिलिमीटर उंचीची अक्षरे तो भिंगावाचून लिही. तिथेच, १९४४ साली, आपल्या वहीत त्याने काही भरधाव, लपेटदार अक्षरे लिहून ठेवली. सारे युरोप जळत असताना एक पंचविशीतला तरुण वहीत अक्षरांच्या शेपट्या वळवत बसला होता. त्या रेघांत पुढे कुणाचे लग्न, कुणाची पदवी आणि कुणाच्या घरचे मरण लिहिले जाईल, हे त्याच्या स्वप्नातही नसेल.

युद्धानंतर त्याने अशा अक्षराचे खिळे पाडण्याचा प्रयत्न केला. 'व्हर्चुओसा' नावाचा त्याचा लेखणीवळणाचा टाइप स्टेंपेल ओतशाळेने काढलाही. पण शिशाला आपले नियम असतात. प्रत्येक अक्षर एका चौकोनी ठोकळ्यावर उभे. ठोकळ्याबाहेर लोंबणारी शेपटी दाबाखाली मोडते, आणि शेजारच्या अक्षराच्या हद्दीत तर तिला शिरताच येत नाही. लिहिणारा हात मात्र हद्द ओळखत नाही. मनातले अक्षर त्याला शिशात मिळाले नाही. मधल्या काळात त्याने 'पॅलाटिनो' आणि 'ऑप्टिमा' यांसारखी जगभर गेलेली अक्षरे घडवली, पण ती वही तशीच राहिली. १९९३ मध्ये डेव्हिड सीगल या अमेरिकन तरुणाच्या पत्राने विषय पुन्हा निघाला. तो पुढे मध्येच बाजूला झाला, तरी झाप्फने काम सोडले नाही. अखेर १९९८ साली लिनोटाइप कंपनीने 'झाप्फिनो' प्रसिद्ध केले. वहीतल्या पानानंतर चोपन्न वर्षांनी. झाप्फ तेव्हा ऐंशी वर्षांचा होता. २०१५ साली तो वारला.

आईने पाहिलेल्या त्या दोन 'डीं'चे रहस्य यातच आहे. झाप्फिनोत एकाच अक्षराची अनेक वळणे घडवलेली आहेत. पहिल्या आवृत्तीतच चार निरनिराळ्या वर्णमाला होत्या, शिवाय जोडाक्षरे आणि वेलबुट्ट्या वेगळ्या. ॲपलच्या संगणकावर त्या अक्षराचे नाव त्याच अक्षरात टाइप केले, तर सातही अक्षरे मिळून एकच अखंड आकृती होते. हे सारे कशासाठी? लिहिणाऱ्याचा हात एकच अक्षर दोनदा तंतोतंत सारखे कधी काढत नाही, म्हणून.

इथेच मला खटकले. सौंदर्यासाठी सौंदर्य समजू शकते. पण यंत्राचा यंत्रपणा लपावा म्हणून मुद्दाम वेगळेपण घडवणे, ही कला की बनवाबनवी?

काही दिवस मी ह्या प्रश्नाशी झुंजत होतो, आणि माझा राग हळूहळू पातळ होत गेला. पहिली गोष्ट अशी की, छपाईचा उगमच ह्या नकलेत आहे. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास माइन्झला बेचाळीस ओळींचे बायबल छापले, तेव्हा त्याने सुमारे २९० निरनिराळे खिळे पाडले होते. वर्णमालेला तेवढ्यांची गरज नव्हती. पण हाताने लिहिलेल्या पोथीत लेखक जागेप्रमाणे अक्षर आखडतो, दोन अक्षरे जोडतो, संक्षेप करतो. ते सारे त्याला शिशात आणायचे होते. आपल्याकडेही हेच झाले. मोडी ही तर हात न उचलता पळवायची लिपी. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी १८१० साली मराठी शब्दकोश काढला, तेव्हा मराठी शब्दांसाठी त्याच पळत्या मोडीचे खिळे वापरले. त्यात कुणाला फसवायचे नव्हते. वाचणाऱ्याच्या डोळ्याला जे आपले वाटत होते तेच त्याच्यापुढे ठेवायचे होते.

दुसरी गोष्ट, आपण ज्याला स्वतःचे अक्षर म्हणतो ते तरी कितीसे स्वतःचे असते? मी पोरांना कित्ता देतो आणि पुस्त्या गिरवून घेतो. इंग्रजीच्या चार रेघी वहीत आमची पिढी जे तिरपे, गोलाईचे वळण घोटत होती ते इंग्लंडातल्या जुन्या लेखनगुरूंचे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून त्यांनी कित्ते छापले आणि साऱ्या साम्राज्यातल्या कारकुनांचे हात एका वळणात बसवले. त्यांतल्या चार्ल्स स्नेल नावाच्या गुरूचे वळण १९६० च्या दशकात मॅथ्यू कार्टर यांनी छपाईच्या अक्षरात उतरवले. 'स्नेल राउंडहँड' म्हणून ते आजही लग्नपत्रिकांवर दिसते. अण्णांचे मोत्यासारखे अक्षरही त्यांच्या मास्तरांच्या छडीने घडलेले होते. म्हणजे वळण उसने घेण्यात पाप नाही. तसे असते तर शाळा नावाची गोष्टच पाप ठरली असती.

तिसरी गोष्ट तर मला शिक्षक म्हणून फार जवळची वाटते. सुंदर अक्षर ही पूर्वी थोड्यांची मिरास होती. ज्याचे अक्षर कोंबडीच्या पायासारखे, त्याने मुलीच्या लग्नाची पत्रिका देखणी करू नये काय? शेजारणीची नथ मागून घेऊन नवरी मांडवात उभी राहते, तेव्हा कुणी तिला लबाड म्हणत नाही. झाप्फने आपले अक्षर असेच गावाला वापरायला दिले. आणि चोरून नव्हे. त्यावर आपले नाव घालून दिले.

मग बोच राहते कुठे? लग्नपत्रिकेने ती होत नाही, कारण पाचशे पत्रिका कुणी हाताने लिहीत नाही हे देणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. तिथे अक्षर हा अलंकार आहे. शोकपत्राची गोष्ट वेगळी. ते एका माणसाला उद्देशून असते. हाताने लिहिलेले शोकपत्र सांगते की, तुमच्यासाठी कुणीतरी खाली बसले, शब्दाशी अडले, दोन घटका तुमच्या दुःखाजवळ थांबले. वळण उसने आणता येते, पण ही घटका उसनी आणता येत नाही. ती न देता ती दिल्यासारखे दिसणे, हे मला अजूनही गैर वाटते. खोटे त्या अक्षरात नव्हते. आईला जे अक्षरातून ऐकू आले त्यात होते.

तथापि त्या मुख्य कार्यालयालाही मी आता खोटे म्हणणार नाही. तिथल्या कुणीतरी, नेहमीच्या कोरड्या अक्षरात मृत्यूची दखल घेणे बरे दिसणार नाही म्हणून, यादीतले सर्वांत सुंदर अक्षर निवडले असेल. आदर दाखवायचा होता, सवड नव्हती. आपल्यापैकी किती जणांना ह्या दोषातून सुटका सांगता येईल?

छापणे म्हणजे हाताचा अपमान, असेही नाही. भारताचे संविधान इंग्रजीत प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी आणि हिंदीत वसंत कृष्ण वैद्य यांनी हाताने लिहिले, नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनातल्या कलावंतांनी ती पाने सजवली, आणि मग डेहराडूनला त्यांच्या छापील प्रती काढल्या. त्या प्रती यंत्रावरच निघाल्या. तरी ते शब्द त्या हातांनी त्याच कामासाठी लिहिलेले होते. रायजादांनी मोबदला नाकारला आणि पानापानावर आपले नाव व शेवटच्या पानावर लिहायला शिकवणाऱ्या आजोबांचे नाव घालण्याची मुभा मागितली, असे सांगतात. झाप्फही हा फरक जाणून होता. १९६० साली न्यूयॉर्कच्या पियरपाँट मॉर्गन ग्रंथालयासाठी त्याने संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची प्रस्तावना चार भाषांत लिहिली, ती स्वतः, लेखणीने. खिळे पाडणाऱ्यालाही काही मजकूर हातानेच लिहावासा वाटतो.

इतके सारे स्वतःशी उलगडल्यावर माझ्या गप्प बसण्याला काही सबब उरली नाही. "लिहितो" म्हणून मी आईला जे सांगितले होते ते साधे, उघड खोटे होते. त्याला अक्षरकलेची मदत नव्हती. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी ती अण्णांची ट्रंक आवरत होती, तेव्हा मी तिच्यापाशी बसलो आणि सांगून टाकले. पत्र यंत्रावर छापलेले आहे. अक्षर एका जर्मन माणसाचे. त्याच्या बापाला छळछावणीत टाकले होते. त्याने ते लढाईच्या दिवसांत वहीत लिहिले, म्हातारपणी पुरे केले, आणि तो आता हयात नाही.

आई बराच वेळ बोलली नाही. मग विचारले, "म्हणजे हातानं लिहिलं होतं ते खरं?"

"हो. पण आपल्याला नाही लिहिलं."

"त्याला ठाऊक होतं का रे, आपलं अक्षर कुठं कुठं जाणार आहे ते?"

मी मान हलवली. तिने ट्रंकेतून पत्र काढले. ते तिने पाकिटासकट ठेवले होते. पाकीट मी तोवर नीट पाहिलेच नव्हते. त्यावर आमच्या गावचा पत्ता निळ्या शाईच्या साध्या लेखणीने लिहिलेला होता. अक्षर अगदी गचाळ. गावाच्या नावातले एक अक्षर चुकून खोडलेले, आणि वर पुन्हा सावकाश, दाबून, मोठे करून लिहिलेले, टपालवाल्याची चूक होऊ नये म्हणून.

"हे कुणाचं?" आईने विचारले.

"असेल तिथल्या कुणा शिपायाचं, नाहीतर कारकुनाचं."

"ह्याला तरी लिही," ती म्हणाली, आणि पत्र पुन्हा त्याच पाकिटात घालून तिने ट्रंक लावली.

त्या रात्री मी खरेच लिहिले. कुणाच्या नावे लिहायचे ते ठाऊक नव्हते, म्हणून 'पाकिटावर पत्ता लिहिणारास' असा मायना घातला. उत्तर आले नाही, अपेक्षाही नव्हती.

यंदा शाळेत प्रशस्तिपत्रके छापून आली. मथळा त्याच लपेटदार अक्षरात आहे, आणि तो देखणा दिसतो. माझी त्याला हरकत नाही. मुलांची नावेही यंत्रानेच घालू, म्हणजे एकसारखी दिसतील, असे बैठकीत निघाले. मी ती जागा कोरी ठेवायला सांगितली. त्रेचाळीस नावे होती. माझे अक्षर अण्णांसारखे नाही. विसाव्या नावाला हात दुखू लागला, आणि एका मुलीच्या आडनावातली वेलांटी चुकली. ते पत्रक फाडून दुसरे घेतले, आणि तिचे नाव पुन्हा पहिल्यापासून लिहिले.